शनिवार तुमचा होता

ताई, आज शनिवार आणि वार तुमचा. सकाळची शाळा सुटली, पोरं आरडाओरडा करत पांगली, इंदूमावशींनी आमची ताटं वाढून खिचडीचं पातेलं घासून पालथं घातलं आणि आम्ही सगळे सवयीने तुमच्या पहिलीच्या वर्गात येऊन बसलो. सतरंजीवर तुमची जागा मोकळी राहिली. कुणी ठरवून ठेवली नाही, आपोआपच राहिली. हेडमास्तर पवार सर उगाच खाकरले. शेख मॅडम खिडकीबाहेर बघत बसली. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिकच आहे, या शाळेत तोंड वाजवायचं खातं माझ्याकडेच! म्हटलं, ठीक आहे, नियम म्हणजे नियम. वार वाया घालवायचा नाही असं तुम्हीच सांगून ठेवलंय. ताई नाहीत, तर ताईंचा वार मी घेते. तिथे जे बोलले ते, आणि जे घशात अडकलं तेही, घरी येऊन लिहून काढतेय. आधीच सांगते, मध्ये बोलू नका. तुम्हाला सवय होती.

नियम तुमचेच, पण ते पहिल्यापासून म्हटल्याशिवाय मला आज धीर येत नाही. आठवतंय ना, सुरुवात कशी झाली? मधल्या सुट्टीत आम्ही सगळे एकदम रडायचो. पवार सरांचं, की पोषण आहाराची माहिती भरली तरी भरलेली दिसत नाही. शेख मॅडमचं, की आधार कार्डावर पोराचं नाव एक आणि शाळेत दुसरं. माझं तर काय, सगळंच. कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं, आणि घास गार होत होता. एके दिवशी तुम्ही इंदूमावशींच्या हातातला डाव घेतलात आणि ताटावर असा काही हाणलात की बाहेरची पोरं रांगेत उभी राहिली. "गप! एकेकानं रडायचं. रोज एकाचा वार."

झालं. तेव्हापासून आपल्या शाळेत रडवार सुरू झाला. ज्याचा वार, त्याने खिचडी खाता खाता पोटभर रडायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. 'तुमचं काहीच नाही, माझं ऐका' असं तर अजिबात म्हणायचं नाही. आणि शेवटी, उठायच्या आधी, त्या दिवशी आपल्या वर्गातलं एखादं पोर काय बोललं ते सांगायचं. ते सांगितल्याशिवाय ताट उचलायचं नाही. सोमवार मी आधीच पटकावला, कारण रविवारभर साठलेलं असतं. इंदूमावशी म्हणाल्या, मी मास्तरीण नाही तरी मला पण एक वार पाहिजे, चूल मीच फुंकते. त्यांना शुक्रवार दिलात. शनिवार तुम्ही स्वतःकडे ठेवलात. गुरुवार मोकळा होता, आणि तो कुणाला मिळाला हे आठवलं की मला आजही हसू आवरत नाही.

तुम्ही त्या सोमवारी तालुक्याला प्रशिक्षणाला गेला होतात. माझा वार, आणि ऐकायला तुम्ही नाही! म्हटलं, फोनवर बोलून पाठवू. पाण्याच्या टाकीमागे उभी राहून मी सुरू केलं. ताई, ऐका, ह्या केंद्रप्रमुखांना सकाळी उठल्यावर चहा नाही, माहिती लागते. काल मागितलेली माहिती आज आडव्या रकान्यात पाहिजे. उद्या तीच उभ्या रकान्यात. पोरांचा हात धुताना फोटो पाठवा, पुसताना पाठवा. अहो, पोरं हात धुवून धुवून कंटाळली, एकाने विचारलं, बाई, आज हात धुवायचेत की शिकवणार? असं सगळं मोकळं होऊन मी ते पाठवलं. आणि पाठवलं कुठे? केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या ग्रुपवर, जिथे हे केंद्रप्रमुख साहेब स्वतः ॲडमिन!

पवार सरांच्या हातातला चहा शर्टावर. मी घाईघाईत डिलीट केलं, तर ते फक्त माझ्याच फोनमधून गेलं, जगात तसंच राहिलं. कप्पाळ माझं! आणि साहेब नेमके त्याच प्रशिक्षणात, तुमच्या पुढच्या रांगेत. त्यांनी फोन कानाला लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, मान मागे वळवली आणि विचारलं, "जाधव बाई, हे काय आहे?"

दुसरं कुणी असतं तर माझं नाव सांगून मोकळं झालं असतं. तुम्ही पापणीही न हलवता म्हणालात, "साहेब, उपक्रम हाय. शिक्षकांच्या ताणमुक्तीचा. आमच्या शाळेचा नावीन्यपूर्ण उपक्रम."

त्यावर साहेब काय म्हणाले? "मग अहवाल पाठवा."

माझ्या रडण्याचा अहवाल मलाच लिहावा लागला, ताई! उद्दिष्टे, कार्यवाही, फलनिष्पत्ती. तुम्ही शेजारी बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होतात. आणि अहवाल वाचून साहेब गुरुवारी स्वतः पाहणीला हजर. येऊन सतरंजीवर बसले. गुरुवार कुणाचाच नव्हता, त्यामुळे सगळे ताटात बघत गप्प. तुम्ही त्यांना खिचडी वाढलीत आणि म्हणालात, "साहेब, आजचा वार मोकळा हाय. घ्या तुम्ही."

साहेब आधी हसले. मग त्यांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, वरून फोन आला की मी घरातसुद्धा उभा राहून घेतो, बायको हसते. म्हणाले, तुम्ही मला शिव्या घालता ते मला कळतं हो, पण मी पण मास्तरच होतो, मला शिकवायला फार आवडायचं. आपण सगळे नियमाप्रमाणे गप्प राहिलो. शेवटी त्यांना वर्गातल्या पोराचं बोलणं सांगायचं होतं, तर ते कसनुसे झाले. "माझ्याकडे वर्गच नाही, बाई." तुम्ही त्यांना सरळ पहिलीत पिटाळलंत. "जावा, घेऊन या." थोड्या वेळाने ते परत आले ते पोट धरून. एका पोराने त्यांना विचारलं होतं, तुमचं दप्तर कुठंय? घरी विसरलात काय?

तेव्हापासून गुरुवार साहेबांचा झाला. अधूनमधून 'भेटीला' येतात. माहिती मागणं काही कमी झालं नाही. पण आता मेसेजखाली 'सवडीने' असं लिहितात. सवडीने म्हणजे चारच्या आत.

हे सगळं ठीक. पण ताई, आपलं भांडण राहिलंय. ते मी सोडणार नाही.

तुम्ही तुमचा वार कधी घेतलाच नाहीत! शनिवार आला की ठरलेलं, "माझं काय न्हाय गं, मस्त चाललंय." आणि मग पहिलीतल्या पोरांच्या गमतींची माळच लावायचात. आम्ही एकेक कशीबशी शोधून आणायचो आणि तुमच्याकडे टोपलीभर. मी चिडायचे. म्हणायचे, हे नियमात बसत नाही. मतदार यादी घेऊन भर उन्हात तुम्हीच फिरलात ना? गोदामांच्या चाळीत कुत्रं कुणाच्या मागे लागलं? वर्षाच्या सुरुवातीला तुमचा वर्ग भरलेला असतो, आणि दिवाळीला गावाला गेलेली निम्मी पोरं परत येतच नाहीत. बापाचं काम एका गोदामातून सुटतं, दुसऱ्या गावात लागतं, आणि तुम्ही घासून घासून शिकवलेली अक्षरं कुठल्या कुठे यूपीला, बिहारला निघून जातात. त्याचं काहीच वाटत नाही?

"अक्षरं कुठं जातायत?" तुम्ही म्हणायचात. "पोरांबरोबरच जातायत ना. मग जाऊ दे."

मला राग यायचा, ताई. खरंच यायचा. कारण मला तुमच्याकडून एक गोष्ट खरी खरी कळायला हवी होती, आणि तुम्ही ती हसण्यावारी नेत होतात. तुम्हाला ठाऊक होतं, मी निघायच्या बेतात होते. अंजूरला सासरच्या शेतात आता गोदाम उभं आहे, आणि दिराचं, विलासभावजींचं, दापोड्याला ट्रान्सपोर्टचं ऑफिस. ते कधीपासून म्हणतायत, वहिनी, तुमच्यासारखं माणूस पाहिजे, कुणाला दरडावायचं असलं तर आमच्याकडे कुणी नाही. एसी आहे, खुर्ची फिरणारी आहे, आणि पोरांच्या हात धुण्याचे फोटो नाहीत. घरी गेल्यावर डोकं दुखतंय म्हणून मी माझ्याच लेकीवर खेकसायचे, तेव्हा नवरा पण म्हणायचा, सोड ना ती नोकरी.

म्हणून मी तुम्हाला विचारत होते. तुम्ही खरंच खूश आहात, की नाटक करता? एवढ्या कटकटीत माणूस या नोकरीत आनंदाने राहू शकतो का? राहू शकत असेल तर मी पण राहीन. पण तुम्हाला जर ताण लागतच नसेल, तुम्ही जर वेगळ्याच मातीच्या असाल, तर तुमचं बघून मला काय उपयोग? मी साधी बाई आहे, मला लागतो. मी जाते.

त्या शेवटच्या शनिवारी मी हेच बोलले, जरा चढ्या आवाजातच. तुम्ही माझ्या ताटात अजून एक डाव खिचडी वाढलीत. मग म्हणालात, "बरं. पुढच्या शनिवारी मी रडणार हाय, कुंदे. पोटभर. रुमाल आण."

आणि गुरुवारी सकाळी पवार सरांचा फोन आला. घरी चहा पिता पिता गेलात म्हणे. कप अर्धा राहिला होता. हे मला सगळ्यात जास्त लागलं, काय सांगू. चहा अर्धा टाकणारी बाई नव्हतात तुम्ही. धामणकर नाक्यावरचा तो रिक्षावाला, जो रोज तुमच्यासाठी कडेची सीट अडवून ठेवायचा, त्याने त्या दिवशीही ठेवली होती. दुसऱ्या बाईला म्हणाला, "रुको, टीचर आ रही हैं."

मी किती चिडले असेन तुमच्यावर! रुमाल आणला होता हो मी. नवा.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, तुम्हाला श्रद्धांजली वाहायला, आम्ही सगळे तुमच्या घरी आलो. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, वंदना झाली, तुमच्या भाच्याने फार चांगलं बोलून दाखवलं. सगळे तुमच्याबद्दल तेच बोलत होते. किती हसऱ्या होत्या, कधी तक्रार नाही, कधी कपाळावर आठी नाही. मी कोपऱ्यात बसून मनात म्हणत होते, झालं, म्हणजे वेगळ्याच मातीच्या होत्या. चला कुंदाबाई, दापोडं गाठा. विलासभावजींनी तर दिवसही ठरवून टाकला होता, सोमवारपासून या म्हणून.

जेवणं झाल्यावर तुमचे यजमान, दादा, माझ्याजवळ येऊन बसले. तुमचे हे दादा म्हणजे शांत माणूस, एवढ्या वर्षांत माझ्याशी चार वाक्यंसुद्धा बोलले नसतील. म्हणाले, "भोईर बाई, तुम्हीच ना त्या सोमवारवाल्या?"

म्हटलं, हो.

"तुमचा सोमवार. आमच्याकडं रोज सोमवार असायचा."

मला कळेना. तर म्हणाले, "दारात चप्पल काढायच्या आधी सुरू व्हायची. आज ही माहिती मागितली, आज त्या पोराचा बाप गाव सोडून गेला, आज माझे पाय दुखतायत, आज मी राजीनामाच देते. मी नुसता हूं हूं करायचा. मना सांगून ठेवलं होतं तिनं, सल्ला द्यायचा न्हाय. आणि सगळं रडून झालं का मग चहा टाकायची आणि हसत हसत सांगायची, आज अमकं पोरगं काय बोललं."

ताई! म्हणजे हे नियम शाळेतले नव्हतेच. हे तुमच्या घरचे नियम होते, आणि तुम्ही ते डाव आपटून आम्हाला दिलेत!

मी विचारलं, मग शाळेत का नाही बोलल्या कधी? दादा म्हणाले, "ती म्हणायची, ती कुंदा जायच्या तयारीत हाय. मी पण रडाय लागले तर ती उद्याच जाईल. आणि गेली तर सोमवारी माझी करमणूक कोण करील?"

मी मोठ्याने हसले. भर घरात, मेणबत्त्यांपुढे. तुमची नणंद माझ्याकडे अशी बघायला लागली की हिला घराबाहेर काढावं. मग दादा पण हसले. मग आम्ही दोघं रडलो. नवा रुमाल शेवटी कामाला आला.

फसवलंत मला. चांगलंच फसवलंत. मला वाटत होतं तुम्हाला ताण नाही म्हणून तुम्ही खूश आहात. तुम्हाला माझ्याइतकाच होता, कदाचित जास्तच. पाय दुखायचे, राजीनामा द्यावासा वाटायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धामणकर नाक्यावर कडेच्या सीटवर तुम्ही हजर. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते खोटं नाही, तुमची चूल फक्त घरी पेटायची. हे मला आधी सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? मी गेले नसते हो. उलट मला धीर आला असता. हे मात्र तुमचं चुकलं, आणि हे मी तुमच्या तोंडावर सांगितलं असतं. सांगायचं राहिलं.

तरी मी लगेच काही ठरवलं नव्हतं, खोटं कशाला बोलू? आज शाळा भरायच्या आधी पवार सर म्हणाले, पहिली कोण घेणार? जागेवर माणूस यायला वेळ लागेल. सगळे छताकडे बघायला लागले. पहिली म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. नाक, लघवी, भोकाड, आणि मराठी शाळेत बसलेली हिंदी बोलणारी पोरं. मी आयुष्यभर चौथीच्या खाली उतरले नाही. तोंडातून कसं निघालं देव जाणे, म्हटलं, आजचा दिवस मी बघते. फक्त आजचा.

तर मी तुमच्या वर्गात उभी राहिले. पोरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. एक म्हणाला, बाई, आमच्या बाई आधी हत्ती काढतात. दुसरा म्हणाला, रोज. म्हटलं, काढते की, त्यात काय! तुम्ही एका रेषेत काढायचात ना, खडू न उचलता? मी खडू चांगला चार वेळा उचलला. सोंड काढली तर ती पायासारखी दिसली, पाय काढले तर चाकं वाटली. पाठीमागे वर्ग शांत. मी, कुंदा भोईर, जिला साहेबांची भीती वाटत नाही, ती इवल्या इवल्या पोरांपुढे खडू घेऊन रडकुंडीला आले होते. मनात म्हटलं, बास, नाही जमायचं. ताईंचं ताईंनाच जमत होतं.

आता नियमाप्रमाणे शेवटचं. आज वर्गातलं पोर काय बोललं ते सांगते, मग ताट उचलते.

तुमची ती मुस्कान. पुढच्या ओळीत बसते, बाप गोदामात माल चढवतो, आली तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता, ती. तुम्ही तिच्या पाटीवर वाकून काय म्हणायचात, आठवतं? ती अडली की तेच, गॅस संपला की तेच, पगार लांबला की तेच, रिक्षा येईना की तेच. "येतंय गं, येतंय." तेच एक वाक्य, सगळ्या दुखण्यांवर.

तर ती मुस्कान उठली. फळ्यापाशी आली. माझ्या हत्तीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझ्या पदराला धरलं आणि अगदी समजुतीने म्हणाली, "बाई, आप नए हो ना? रोना मत. येतंय, येतंय."

हे मी तिथे सतरंजीवर सांगितलं आणि शेख मॅडमने तोंडावर ओढणी घेतली. पवार सरांनी चष्मा पुसला, नाकावर ठेवला आणि परत पुसला. इंदूमावशी म्हणाल्या, मेली कार्टी, बाईंसारखीच बोलते. आणि मग आम्ही सगळे हसायला लागलो, तुमच्या जागेकडे बघून.

तेवढ्यात माझा फोन वाजला. विलासभावजी. "वहिनी, मग सोमवारी येताय ना? गाडी पाठवू का?"

"सोमवारी कसं जमेल, भावजी?" मी म्हटलं. "सोमवारी मला शाळेत रडायचं असतं."